घोंगडी घ्यावी पारखून

सदर : घरातलं आणि दारातलं

तुळशीचं लग्न झालं की बेळगावात कपाटाच्या वरच्या फळीवरून स्वेटर, शाली आणि रग खाली येतात. त्याच सुमाराला घरातली तरुण मंडळी 'या शनिवारी गडावर मुक्काम' असे बेत आखू लागतात. पहाटे पारा बारा-चौदा अंशांवर येतो, उघड्या माळावर आणि गडावर त्याहूनही खाली जातो. मग आपल्या सदराकडे प्रश्न येऊ लागतात.

यंदा आलेल्या प्रश्नांत तीन प्रश्न एकाच वळणाचे होते. एका ताईंचा मुलगा मित्रांबरोबर पारगडावर तंबू ठोकून राहणार आहे, तर त्याला पांघरायला काय द्यावं? एका काकांच्या वडिलांना दोन-दोन रग घालूनही रात्री थंडी वाजते. आणि एका वाचक भगिनीला इंदूरला दिलेल्या लेकीसाठी 'खरी लोकरीची' वस्तू पाठवायची आहे, पण दुकानदाराच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवावा हे कळत नाही. तिन्ही प्रश्नांत वस्तू एकच आहे, लोकरीचं पांघरूण. म्हणून या महिन्यात तेवढ्याबद्दलच लिहिते.

ऊब कुठून येते

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करू. कुठलंही पांघरूण स्वतः गरम नसतं. ऊब आपल्या अंगाची असते. पांघरुणाचं काम ती धरून ठेवण्याचं, आणि धरून ठेवते ती त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा. ही हवा हलली नाही की उष्णता बाहेर जात नाही. म्हणून एक जाड रग घेण्यापेक्षा दोन मध्यम पांघरुणं एकावर एक घेतली तर पुष्कळदा जास्त ऊब मिळते, कारण दोघांच्या मधेही हवेचा एक थर राहतो.

लोकरीच्या तंतूला जन्मतःच नागमोडी वळणं असतात. मुठीत दाबून सोडली तरी ती पुन्हा फुगते, आणि त्या वळणांत हवा अडकते. हा पहिला गुण. दुसरा गुण ओलाव्याचा. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश एवढी वाफ पोटात घेऊ शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही. वाफ शोषताना ती थोडी उष्णताही सोडते. सह्याद्रीतल्या मुक्कामाला या गुणाची किंमत कळते. इथे बर्फ नसतं, पण पहाटेचं दव असं पडतं की तंबूच्या आतल्या बाजूनेही थेंब ओघळतात. सुती चादर अशा वेळी गार पडते, पिसांची स्लीपिंग बॅग भिजली तर तिचा फुगवटा बसतो. लोकर ओलसर झाली तरी बरीचशी ऊब राखते.

तिसरा गुण विस्तवाचा. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. ठिणगी पडली तर तेवढ्या जागी करपते आणि बहुधा आपोआप विझते. पॉलिएस्टरचं पांघरूण मात्र वितळतं आणि वितळलेलं प्लास्टिक कातडीला चिकटतं. शेकोटीभोवती गप्पा रंगल्यावर अंगावर काय आहे, हे म्हणूनच महत्त्वाचं.

बाजारात काय काय मिळतं

'गरम कपड्यां'च्या दुकानात शिरलं की मऊ, चकचकीत, वाघा-फुलांची चित्रं असलेली ब्लँकेटं आधी पुढे येतात. त्यांना 'मिंक' म्हणतात. मिंक हा केसाळ प्राणी आहे खरा, पण या ब्लँकेटाचा त्याच्याशी काही संबंध नाही. ते पॉलिएस्टर असतं. वाईट असतं असं नाही. मऊ असतं, धुवायला सोपं असतं, लवकर वाळतं. पण ते लोकर नव्हे, आणि लोकरीचे वर सांगितलेले गुण त्यात शोधू नयेत. 'वूलन टच', 'वूल फील' असे शब्द लेबलवर असतील तर त्यांचा अर्थ 'स्पर्श लोकरीसारखा' एवढाच. 'अ‍ॅक्रेलिक' लिहिलेलं असेल तर तोही कृत्रिम धागा.

दुसरा प्रकार राखाडी किंवा तपकिरी, थोड्या खरखरीत रगांचा. यातले पुष्कळसे पानिपतहून येतात. जुने लोकरी कपडे देशोदेशींहून तिथे येतात, रंगांनुसार वेगळे केले जातात, पिंजले जातात आणि त्यांचं पुन्हा सूत काढून रग विणले जातात. पूर-भूकंपाच्या वेळी वाटली जाणारी ब्लँकेटं बहुधा याच जातीची. पानिपत म्हटलं की मराठी माणसाच्या छातीत कळ उठते, पण या धंद्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. टाकाऊतून टिकाऊ करणारा हा मोठा उद्योग आहे. फक्त एवढं ध्यानात असावं की पिंजताना तंतू तुटून आखूड होतात आणि सुतात कृत्रिम धागाही मिसळलेला असतो. त्यामुळे असा रग लवकर झडतो आणि विरतो. स्वस्तात घेतला तर चालेल, 'शुद्ध लोकर' म्हणून चढ्या भावाने घेऊ नये.

तिसरा प्रकार नव्या लोकरीच्या गिरणी ब्लँकेटांचा. यांच्यावर लोकरीच्या गुंडीसारखं वूलमार्कचं चिन्ह असलं तर आत शुद्ध नवी लोकर आहे असं समजावं. १९६४पासून हे चिन्ह वापरात आहे. त्याच चिन्हाखाली 'ब्लेंड' असा शब्द असेल तर भेसळ नाही, पण मिश्रण आहे. किती टक्के, ते लेबलवर वाचावं.

चौथा प्रकार हिमालयाकडचा. कुलूचा पट्टू, गद्दी मेंढपाळांच्या लोकरीची पांघरुणं, कुमाऊंचा केसाळ थुलमा. हातमागावरचं हे काम सुंदर असतं. तिकडे सहलीला गेलात तर खऱ्या विणकराकडून जरूर घ्या.

आणि पाचवा प्रकार आपल्या दारातला, पण आपण विसरलेला. आपली घोंगडी. कानडीत कंबळी, आपल्याकडे जुनी माणसं म्हणतात कांबळं.

(सोलापुरी चादर या यादीत का नाही, असं कुणी विचारील. ती सुती असते. तिचा मान मोठा, पण थंडीत ती एकटी पुरत नाही.)

घोंगडी म्हणजे नेमकं काय

महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणच्या पठारावर जी मेंढी पिढ्यान् पिढ्या चरत आली, ती दख्खनी मेंढी. बहुतेक काळी, काटक, कमी पाण्यावर आणि लांब चालीवर तगणारी. तिची लोकर जाडीभरडी. वर्षातून दोनदा कातरली तरी एका मेंढीमागे वर्षाला साधारण अर्धा किलोच्या आसपास लोकर निघते. म्हणजे अडीच किलोची एक घोंगडी अंगावर घेतली की पाच-सहा मेंढ्यांची वर्षाची कमाई आपण पांघरलेली असते.

लोकर धनगराची, पिंजून सूत काढणाऱ्या बहुतेक घरच्या बायका, आणि विणणारे सणगर. कर्नाटकात हेच काम कुरुब समाजात चालतं. विणकर खड्डामागावर बसतो. उभ्या धाग्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणजे विणताना तो तुटत नाही. नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ का लागते, त्याचं कारण ही खळ. वापरात ती हळूहळू निघून जाते आणि घोंगडी अंगाला बसू लागते. रंगाचं म्हणाल तर काळी घोंगडी मेंढीच्याच रंगाची. रंगवलेलीच नसल्यामुळे रंग जाण्याचा प्रश्न नाही.

लहान कोकराची पहिली कातरलेली लोकर म्हणजे जावळ. जावळाची घोंगडी मऊ असते आणि म्हणून महागही असते. मूल असो की कोकरू, पहिल्या केसांना आपल्या भाषेत शब्द एकच, हे मला फार आवडतं.

आता 'कॅम्पिंग' हा शब्द आपल्याकडे नवा आहे, पण उघड्यावर राहण्यात धनगराइतका मुरलेला माणूस शोधून सापडणार नाही. दिवाळीनंतर वाडा हलवायचा, मेंढरं घेऊन घाट उतरायचे, कुणाच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, आणि थंडीच्या साऱ्या रात्री आभाळाखाली काढायच्या. त्याच्याजवळ स्लीपिंग बॅग नसते. घोंगडी असते. तीच अंथरूण, तीच पांघरूण, पावसात तिचीच डोक्यावर खोळ, बसायला तीच बैठक, सामान बांधायलाही तीच. घोंगडीच्या बाजूने याहून चांगली साक्ष मला तरी ठाऊक नाही.

दुकानात पारख कशी करावी

पहिली पारख वजन आणि माप. दुकानदाराला काटा मागा, संकोच करू नका. पांघरुणाचं ग्रॅममधलं वजन भागिले त्याची मीटरमधली लांबी गुणिले रुंदी, हा साधा हिशेब. त्यातून एका चौरस मीटरला किती ग्रॅम लोकर आहे ते कळतं. समजा पांघरूण दीड मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर लांब आहे. क्षेत्रफळ झालं ३.३७५ चौरस मीटर. वजन १७०० ग्रॅम असेल तर उत्तर सुमारे ५००. वजन २७०० ग्रॅम असेल तर बरोबर ८००. माझ्या अनुभवात ३००च्या आसपासचं पांघरूण घरात, दुसऱ्या पांघरुणाच्या जोडीला ठीक. ५००चं बेळगावच्या हिवाळ्याला पुरतं. ७००-८००चं गडावर, उघड्यावर, किंवा खाली अंथरायला. दोन दुकानांतल्या किमतींची तुलनाही या आकड्यामुळे सोपी होते. नाहीतर आपण रंगाची तुलना करत बसतो.

दुसरी पारख लांबीची. अंथरूण पाहून पाय पसरावे, असं आपण म्हणतो, पण पांघरूण विकत घेताना उलट करावं. पाय पाहून पांघरूण घ्यावं. माणसाच्या उंचीपेक्षा निदान दीड-दोन फूट जास्त लांबी हवी, म्हणजे पायाशी दुमडून खाली खोचता येते आणि खांद्यावरही ओढता येते.

तिसरी पारख उजेडाची. पांघरूण दोन्ही हातांनी धरून उजेडाकडे पाहा. वीण सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. कुठे विरळ, कुठे दाट असेल तर विरळ जागा आधी फाटेल. मग एक कोपरा मुठीत घट्ट आवळा आणि सोडा. चांगली लोकर चटकन मोकळी होते. हाताला भरपूर कोंडा लागला तर तंतू आखूड आहेत असं समजा.

चौथी पारख विस्तवाची. ती घरी, विकत घेतल्यावर, किंवा दुकानदाराने परवानगी दिली तर तिथेच. काठाचा एक धागा ओढून घ्या, चिमट्यात धरा आणि काडी लावा. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येईल, ज्योत काढली की धागा विझेल, आणि मागे उरलेली काळी राख बोटाने चुरडता येईल. पॉलिएस्टर किंवा अ‍ॅक्रेलिक असेल तर धागा वितळून त्याचा कडक मणी होईल. सुती असेल तर कागद जळल्याचा वास येईल. मिश्रण असेल तर वास केसांचा आणि मागे मणी, असं दोन्ही दिसेल. उभा धागा आणि आडवा धागा वेगवेगळा जाळून पाहा, कारण काही पांघरुणांत उभा धागा सुती किंवा कृत्रिम आणि आडवा लोकरीचा असतो.

पाचवी पारख अंगाची. मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा गळ्याला पांघरूण लावून पाहा. तंतूची जाडी साधारण तीस मायक्रॉनच्या वर गेली की तो टोचतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मेरिनो मेंढीची लोकर यापेक्षा बरीच बारीक असते, म्हणून ती उघड्या अंगालाही चालते. आपली दख्खनी लोकर जाड, म्हणून ती टोचते. पुष्कळजण याला 'लोकरीची अ‍ॅलर्जी' म्हणतात, पण बहुतेक वेळा ते नुसतं टोचणं असतं. त्यावर उपाय आपल्या आज्यांनीच शोधून ठेवला आहे. जुन्या मऊ लुगड्याचं अस्तर लावायचं, किंवा आत सुती चादर घेऊन वर घोंगडी घ्यायची.

मुक्कामाला नेताना

आता पारगडावर जाणाऱ्या मुलाकडे वळू. पहिला नियम : थंडी वरून कमी आणि खालून जास्त येते. अंगाखाली दबलेल्या पांघरुणातली हवा निघून जाते आणि जमीन रात्रभर उष्णता ओढत राहते. म्हणून पांघरुणाआधी अंथरुणाचा विचार करावा. सगळ्यांत खाली प्लास्टिकचा कागद किंवा ताडपत्री, तिच्यावर फोमची चटई, तिच्यावर जाड घोंगडी, मग माणूस, मग सुती चादर, आणि वर दुसरं लोकरीचं पांघरूण. दोनच पांघरुणं असतील आणि चटई नसेल, तर जाड खाली आणि पातळ वर. मुलांना हे उलटं वाटतं, पण एकदा करून पाहिलं की पटतं.

गेल्या जानेवारीत आम्ही आठजण गडावरच्या देवळाच्या ओसरीत झोपलो होतो. चौघांनी सगळी पांघरुणं अंगावर घेतली, चौघांनी निम्मी खाली घातली. पहाटे साडेतीनला चहा करायला उठलेले सगळे पहिल्या गटातले होते. यावर अधिक काही लिहायला नको.

दुसरा नियम वाऱ्याचा. सैल विणीच्या लोकरीतून वारा आरपार जातो आणि अडकलेली हवा घेऊन जातो. वापरून थोडी दाटलेली घोंगडी वारा बऱ्यापैकी अडवते, मऊ विणलेला रग अडवत नाही. तंबू नसेल तर वरून पातळ रेनकोट किंवा चवाळं टाकावं, पण तोंड झाकू नये.

तिसरा नियम वजनाचा, आणि इथे घोंगडीची बाजू सोडून बोलायला हवं. अडीच-तीन किलोची घोंगडी पाठीवर घेऊन दिवसभर चालणं शहाणपणाचं नाही. गाडी जिथवर जाते तिथला मुक्काम, तासाभराच्या चढाचा गड, शेतावरची रात्र, यासाठी घोंगडी उत्तम. चार-पाच दिवसांच्या हिमालयातल्या ट्रेकला, बर्फात, तिच्यावर विसंबू नये. तिथे चांगली स्लीपिंग बॅग लागते. ती घेतानाही लेबलवर 'कम्फर्ट' आणि 'लिमिट' असे दोन आकडे असतात. निवड करताना 'कम्फर्ट'चा आकडा धरावा. 'लिमिट'च्या तापमानात माणूस रात्र काढतो, झोपतो असं नाही.

चौथा नियम हट्टाने पाळायचा. कितीही थंडी वाजली तरी तंबूत किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी, पेटती लाकडं किंवा गॅसचा स्टोव्ह ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. पांघरूण कमी पडलं तर दोघांनी पाठीला पाठ लावून झोपावं, गरम पाण्याची घट्ट बुचाची बाटली मोज्यात घालून पायाशी घ्यावी, डोक्याला कानटोपी घालावी. शेगडी मात्र बाहेरच विझवावी.

घरातल्या थोरांसाठी आणि लहानांसाठी

वयस्कर माणसाचं अंग मुळात कमी उष्णता तयार करतं. त्यावर रग वाढवत नेले की ऊब वाढेलच असं नाही, वजन मात्र नक्की वाढतं. त्या वजनाखाली कूस बदलता येत नाही, रात्री उठताना पाय अडकतो. काकांच्या वडिलांसाठी माझा सल्ला असा. एक घोंगडी गादीवर, चादरीच्या खाली अंथरा. कापसाची गादी जुनी झाली की दबून पातळ होते आणि थंडी तिथूनच येते. अंगावर एकच हलकं, पण खऱ्या लोकरीचं पांघरूण द्या, आत मऊ सुती चादर. पायात मोजे. एवढं करून चार रात्री पाहा. तरीही थंडी वाजत राहिली, किंवा अलीकडेच वाजू लागली असेल, तर पांघरुणं मोजत बसू नका. डॉक्टरांना दाखवा. रक्तातलं हिमोग्लोबिन कमी असणं किंवा थायरॉइडचं काम मंदावणं, अशीही कारणं असू शकतात.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या अंगावर मात्र सैल, जड पांघरूण टाकू नये. ते तोंडावर आलं तर बाळाला बाजूला करता येत नाही. त्याला अंगभर कपडे घालावेत.

निगा आणि 'भिजत घोंगडं'

भिजत घोंगडं म्हटलं की आपल्या सीमाभागातल्या माणसाला १९५६पासूनचा एकच विषय आठवतो. पण म्हण आली ती खऱ्या घोंगडीवरून. भिजलेली घोंगडी इतकी जड होते आणि इतकी सावकाश वाळते की तिचं काय करावं ते कळत नाही. म्हणून ती शक्यतो भिजवूच नये. वारंवार धुण्याची गरजही नसते. महिन्यातून एकदा झटकावी, दोन-तीन तास उन्हात टाकावी, मऊ ब्रशने झाडावी. डाग पडला तर तेवढीच जागा पुसावी.

धुवायचीच झाली तर भर उन्हाळ्यात, गार पाण्यात, रिठ्याच्या पाण्याने. गरम पाणी, सोड्याची पावडर आणि धोपटणं या तिन्हींनी लोकर आटते आणि तिचा नमदा होतो. पिळू नये. दाबून पाणी काढावं, आडवी पसरून वाळवावी. तारेवर लोंबती टाकली तर पाण्याच्या भाराने ताणून वाकडी होते. वॉशिंग मशीनचं नावही काढू नये.

लोकरीचा खरा शत्रू कसर. ती अंधारात, घामाच्या आणि खरकट्याच्या डागांवर वाढते. त्यामुळे ठेवण्याआधी पांघरूण स्वच्छ आणि खडखडीत वाळलेलं हवं. सुती कापडात गुंडाळावं, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा, आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा एकदा बाहेर काढावं. डांबराच्या गोळ्या घातल्या असतील तर वापरण्याआधी पांघरूण एक-दोन दिवस वाऱ्या-उन्हात ठेवावं. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत आणि पांघरुणांत या गोळ्या घालूच नयेत. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एका विकराची कमतरता असते आणि त्यांना या गोळ्यांच्या वाफेने गंभीर कावीळ होऊ शकते.

शेवटी, घ्यावी का?

इंदूरच्या लेकीला काय पाठवावं, या प्रश्नाचं माझं उत्तर आता लक्षात आलंच असेल. जावळाची घोंगडी मिळाली तर ती, नाहीतर साधी घोंगडी आणि तिला सुती अस्तर. पण हे सांगताना एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी.

आज दख्खनी लोकरीला भाव नाही. मेंढी मांसासाठी पाळली जाते, आणि त्यासाठी कमी लोकरीच्या, अंगाने भरणाऱ्या जाती पुढे आल्या आहेत. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी त्यांतलीच. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते, म्हणून कातरलेली लोकर ठिकठिकाणी फेकून दिली जाते. एकीकडे आपण प्लास्टिकचं ब्लँकेट विकत घेतो आणि दुसरीकडे घराशेजारची लोकर उकिरड्यावर जाते. २०२५ साली फ्रान्समधल्या आंसी इथल्या अ‍ॅनिमेशन महोत्सवात 'देसी ऊन' या भारतीय लघुपटाला ज्यूरीचा पुरस्कार मिळाला. त्याचा विषय हाच, आपल्या देशी लोकरीची होणारी उपेक्षा. हिंदीत ऊन म्हणजे लोकर. आपल्याला मात्र 'देसी ऊन' वाचून अंगणातलं कोवळं ऊन आठवतं. थंडीत दोन्ही हवीच.

मी कुणाला दया म्हणून घोंगडी घ्या असं सांगणार नाही. दयेने घेतलेली वस्तू माळ्यावर जाते आणि कसर खाते. दिवाणखान्याच्या भिंतीवर शोभेला टांगूनही तिचा काही उपयोग नाही. ती वापरण्याची वस्तू आहे. खाली अंथरा, शेतावर न्या, गाडीच्या डिकीत टाका, पोरांबरोबर गडावर पाठवा. वापरणारी माणसं वाढली तर सूत कातणाऱ्या हाताला काम राहील आणि माग चालू राहतील. आपल्याला कुणी विचारलं नाही म्हणून ज्यांनी मुलांना हे काम शिकवलं नाही, त्यांची पुढची पिढी मागावर बसणार नाही हे उघड आहे.

घोंगडी कुठे मिळेल, असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते. दुकानाआधी जत्रा पाहा. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची जत्रा दिवाळीच्या आधी भरते. भंडाऱ्याच्या उधळणीने सगळं गाव पिवळं होतं, आणि धनगर मंडळी दूरदूरहून येतात. यंदाची जत्रा होऊन गेली असली तरी आपल्या भागातल्या आठवडी बाजारात आणि वाड्यावस्त्यांवर चौकशी केली तर विणकराचं घर सापडतं. जाताना काटा आणि मोजपट्टी बरोबर न्या. भाव जरूर विचारा, पण घासाघीस करण्याआधी सूत कुणी कातलं, लोकर कुठली, विणायला किती दिवस लागले, हेही विचारा. विणकर स्वतःहून सांगेल, आणि ते ऐकल्यावर घासाघीस आपोआप कमी होते.

पुढच्या महिन्यात तिळगुळाच्या निमित्ताने गुळाची पारख. चिक्कीचा गूळ आणि साधा गूळ यांतला फरक अनेकांनी विचारला आहे, त्याबद्दल सविस्तर लिहीन. तोवर सांभाळून राहा, आणि पांघरूण आधी खाली घाला!